छोट्या अक्षरांचे सबनीस

सबनीस सरांनी आमच्या ऑफिसात कधी कुणावर आवाज चढवला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की हा माणूस ओरडत असेल, टेबलं आपटत असेल. छे! ओरडणाऱ्या साहेबाला लोक मागून चार शिव्या घालतात आणि संध्याकाळपर्यंत विसरून जातात. सबनीस हळू बोलायचे, इतकं हळू की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागायचं. माणूस पुरता वाकला की मग ते सावकाश त्याची सालं काढायचे.

नवऱ्याची बँकेतून कोलकात्याला बदली झाली आणि मी न्यू टाउनमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले, तेव्हाची ही गोष्ट. नवव्या मजल्यावर आमची चौदा जणांची टीम. त्यात मराठी दोनच, टीमचे प्रमुख प्रभाकर सबनीस आणि मी. बंगाली मंडळी त्यांना ‘शब्नीशदा’ म्हणत. पन्नाशी उलटलेली, अंगाने किरकोळ, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली, आणि टेबलावर झाकणाचा एक स्टीलचा पेला. खाली चहावाल्याकडे गेले की मातीच्या भांड्यातला चहा आधी या पेल्यात ओतून घेणार, मग पिणार. भांड्याला मातीचा वास येतो म्हणे. अख्खं कोलकाता त्या वासासाठी चहा पितं, हे त्यांना कुणी सांगायला गेलं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “गाव कुठलं?”

“मिरज.”

“बरं. बस, मिरज.”

त्यानंतर सहा वर्षं मी मिरजच होते. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

त्याच दिवशी त्यांनी मला त्यांच्या आयुष्यातलं एकमेव तत्त्वज्ञान ऐकवलं. आम्ही सगळे काम करायचो विंडोजच्या लॅपटॉपवर, आणि केलेलं काम शेवटी चढायचं लिनक्सच्या सर्व्हरवर. लॅपटॉपला फाइलच्या नावातलं मोठं अक्षर आणि छोटं अक्षर सारखंच. सर्व्हरला मात्र ती दोन वेगळी नावं. त्यामुळे इथे मोठ्या अक्षराने लिहिलेलं चित्र लॅपटॉपवर झकास दिसायचं आणि सर्व्हरवर गेलं की गायब. “लॅपटॉप म्हणजे माहेर,” सबनीस म्हणाले. “कशीही हाक मार, आई ओ देते. सर्व्हर म्हणजे सासर. तिथे एक अक्षर इकडचं तिकडे चालत नाही. तेव्हा मुलींनी माहेरीच वळण लावून घ्यावं. सगळं छोट्या अक्षरात. कळलं?”

मी हसले. मला ते फार आवडलं होतं, खोटं कशाला बोलू?

“आपल्या लिपीत मोठा ‘क’ नि छोटा ‘क’ अशी भानगडच नाही,” ते पुढे म्हणाले. “यांच्या बंगालीतही नाही. म्हणून आपली माणसं याबाबतीत आंधळी. मला डोळे आहेत.”

हे डोळे दर सोमवारी उघडायचे. सोमवारी दहा वाजता सबनीसांची शाळा भरायची. मागच्या आठवड्यात ज्याने फाइलच्या नावात मोठं अक्षर घातलं असेल त्याचं ते नाव प्रोजेक्टरवर भिंतभर लावायचं आणि त्याने उभं राहून ते सगळ्यांसमोर वाचायचं. एकेक अक्षर, मोठं की छोटं ते सांगत. “मोठा एल, छोटा ओ, छोटा जी...” वाचून झालं की सबनीस म्हणायचे, “परत.” पुन्हा वाचून झालं की पुन्हा “परत.” पेल्यातला चहा संपेपर्यंत हे चालायचं. तो चहा ते किती सावकाश पीत ते आम्ही बघत बसायचो. आणि उभा असलेला माणूस आपण नाही याचा जो आनंद असतो, तो मी तिथे बाकी सगळ्यांच्या चेहऱ्यावर पाहिलाय. माझ्याही असणारच.

अनिर्बाण नावाचा एक गुणी इंजिनीअर होता. त्याने एका गिऱ्हाइकाची वेबसाइट बनवली. उद्‌घाटनाला गिऱ्हाइकाचं सगळं खानदान जमलेलं, आणि पडद्यावर कंपनीच्या संस्थापक आजोबांच्या फोटोच्या जागी नुसती रिकामी चौकट. फाइलच्या नावात मोठा पी होता. दुरुस्तीला दोन मिनिटं लागली.  दुसऱ्या दिवशी सबनीसांनी एक रिकामी लाकडी फ्रेम आणली, आणि ती अनिर्बाणच्या टेबलावर महिनाभर उभी राहिली. तो काढून ठेवायचा, सबनीस येता-जाता परत उभी करायचे. पुढे अनिर्बाणचं लग्न झालं. बेहाला भागातल्या हॉलमध्ये आम्ही सगळे गेलो. सबनीसांनी चमकदार कागदात बांधलेला आहेर दिला आणि तिथेच उघडायचा आग्रह धरला. तीच फ्रेम. नवरीने विचारलं, हे काय? सगळे हसले. अनिर्बाणही हसला. त्याचं ते हसणं बघून मी ताटातल्या माशाकडे वळले. दोन महिन्यांनी त्याने नोकरी सोडली, तेव्हा सबनीस मला म्हणाले, “नाजूक होता गं. सासरी टिकला नसता.”

हे ते मराठीत म्हणाले. आमचं असं सगळं मराठीतच चालायचं, आणि तीच खरी मेख होती. बारा माणसांच्या देखत, चेहऱ्यावर मंद हसू ठेवून, सबनीस माझ्याशी मराठीत त्यांच्याचबद्दल बोलायचे. कुणाच्या पोटाबद्दल, कुणाच्या इंग्रजीबद्दल, कुणाच्या घटस्फोटाबद्दल. ज्याच्याबद्दल बोलणं चालू असे त्याच्याकडे बघून मान डोलवायचे, जणू कौतुकच करताहेत. आणि मी चेहरा सरळ ठेवायचा. परक्या गावात आपली भाषा बोलणारं कुणी भेटलं की माणूस किती हुरळतो! मला वाटायचं, हा माणूस मला जवळची समजतो. आपल्या भाषेचा उपयोग सुरी लपवायला होतोय, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण सुरी माझ्याकडे रोखलेली नव्हती.

यातली सगळ्यात जास्त सुरी मितालीदीच्या वाट्याला यायची. मिताली माझ्या शेजारी बसायची. बेचाळीसची, बारानगरहून दोन बस बदलून येणारी, नवरा सोडून गेलेला, मुलगी आठवीत. घर तिच्या एकटीच्या पगारावर. कामात अतिशय नीट. फक्त एक खोड होती. तिला एखादी गोष्ट पटली नाही तर ती सांगायची. एकदा सांगून समोरच्याने ऐकलं नाही तर पुन्हा सांगायची. सबनीस मराठीत काही बोलले की ती माझ्याकडे वळून विचारायची, “दादा की बोल्लेन?” दादा काय म्हणाले? आणि मी सांगायची, “म्हणाले, काम चांगलं झालंय.” ती खूश व्हायची. डब्यातला नाडू, म्हणजे नारळाचा लाडू, काढून अर्धा मला द्यायची. मी तो खायची.

आता एक गोष्ट सांगते, नाहीतर चित्र अपुरं राहील. माझ्या सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. नवरा बँकेच्या तपासणीसाठी सिलिगुडीला. मी घाबरून सबनीसांना फोन केला. वीस मिनिटांत गाडी घेऊन हजर. हॉस्पिटलच्या बाकावर ते सहा तास बसून राहिले. फॉर्म त्यांनी भरले, डॉक्टरांशी ते बोलले, आणि दुपारी वसुधाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, पाठवलेला दहीभाताचा डबा माझ्यापुढे उघडला. लोणचं वेगळ्या डबीत. “आपल्या माणसाला आपण नाही बघायचं तर कुणी?” असं म्हणाले. वाईट माणसं चोवीस तास वाईट असती तर जगणं किती सोपं झालं असतं! त्या दहीभाताचं ओझं मी पुढे फार दिवस वाहिलं.

मग खिदिरपूरचं काम आलं. गोदीजवळची, जहाजाचा माल सोडवून देणारी एक जुनी कंपनी. त्यांचे वर्षानुवर्षांचे कागद स्कॅन करून भाड्याच्या एका जुन्या सर्व्हरवर ठेवलेले होते. ते सगळे नव्या सर्व्हरवर हलवून जुना परत द्यायचा होता. मूळ कागदांना वाळवी लागली होती, म्हणून सबनीसांच्याच सल्ल्याने ते रद्दीत गेले होते. सबनीसांची योजना अशी: फाइली आधी लॅपटॉपवर उतरवायच्या, तिथे सगळी नावं एकदम छोट्या अक्षरांत बदलायची, मग नव्या सर्व्हरवर चढवायच्या. काम मितालीकडे दिलं.

मिताली दोन दिवस खिदिरपूरला जाऊन बसली. तिथे हाजराबाबू नावाचे जुने कारकून होते. त्यांनी तिला त्यांची पद्धत दाखवली. आलेल्या मालाच्या कागदाला मोठा बी, गेलेल्या मालाच्या कागदाला छोटा बी, आणि पुढे आकडा. दोन्हींचे आकडे एकापासून सुरू. वहीत तसंच, म्हणून स्कॅन करतानाही तसंच. म्हणजे मोठा बी चारशे सतरा आणि छोटा बी चारशे सतरा ही दोन वेगळी माणसं, आणि दोघं जुन्या सर्व्हरवर गुण्यागोविंदाने राहत होती.

परत आल्या आल्या तिने सबनीसांना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, “आता हाजराबाबू मला अक्षरं शिकवणार.” दुसऱ्या दिवशी तिने हाजराबाबूंच्या वहीचा फोटो फोनवर दाखवला. सबनीस म्हणाले, “मिताली, कारकुनाच्या सवयीवर सिस्टिम बांधत नाहीत.” हे हिंदीत.

तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली ती प्रत्यक्ष काम चालू असताना. मिताली लॅपटॉपवर फाइली उतरवत होती, मी बाजूला, सबनीस मागे पेला घेऊन उभे. आणि लॅपटॉपने विचारलं: या नावाची फाइल इथे आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? विचारणारच. त्याच्या लेखी मोठा बी आणि छोटा बी एकच. खाली एक पर्याय होता, सगळ्यांना हो. मितालीने हात उचलून घेतला. “दादा, ये दोनों अलग कागज है. हाँ दबाने से एक चला जाएगा.”

सबनीसांनी एक घोट घेतला. मग मला म्हणाले, हळू, हसऱ्या चेहऱ्याने, “मिरज, हिला सांग, हिला हो दाबायचा पगार मिळतो. विचार करायचा मिळत नाही.”

मिताली माझ्याकडे वळली. “दादा की बोल्लेन?”

मी म्हणाले, “म्हणतात, सगळ्यांना हो दाब.”

तिने दाबलं. काम संपल्यावर मी सहज दोन्हीकडच्या फाइली मोजल्या. लॅपटॉपवर चारशेच्या वर कमी होत्या. खाली चहाला गेलो तेव्हा मी सबनीसांना तेवढं सांगितलं. जुना सर्व्हर तेव्हा अजून शाबूत होता. एक शब्द पुरला असता. ते म्हणाले, “लॅपटॉप लपवलेल्या फाइली मोजत नाही कधी कधी.” असं नसतं हे मला माहीत होतं. मी “हो का” म्हटलं आणि भांड्यातला चहा संपवला. त्या आठवड्यात जुना सर्व्हर पुसून परत गेला. जपून ठेवलेली प्रत होती, पण ती त्या लॅपटॉपवरचीच, म्हणजे तीही माहेरचीच.

दोन महिन्यांनी कस्टम्सने खिदिरपूरच्या कंपनीकडे आलेल्या मालाचे जुने कागद मागितले. एकही सापडेना. आता सगळ्याच नावांत छोटा बी, आणि कुठलाही आकडा उघडला की आत गेलेल्या मालाचा कागद. हाजराबाबू स्वतः आमच्या ऑफिसात आले. नवव्या मजल्यावर उभं राहून त्या म्हाताऱ्याने मितालीला एवढंच विचारलं, “मा, आमि तो तोमाके देखियेछिलाम?” मी तर तुला दाखवलं होतं ना, पोरी?  सबनीसांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

गिऱ्हाइकाने दावा लावण्याची धमकी दिली तशी चौकशी बसली. कुणाची तरी नोकरी जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. बेंगळुरूहून एक बाई व्हिडिओवर आल्या. या खोलीत आम्ही तिघं. लॉगिन मितालीचं, हो दाबणारं बोट मितालीचं. मिताली म्हणाली, मी तीनदा सांगितलं. बाईंनी विचारलं, लेखी काही? लेखी काही नव्हतं. हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाला कोण पत्र लिहितं? सबनीस म्हणाले, “मी तिला हो दाब असं कधीच म्हटलेलं नाही.” आणि हे शब्दशः खरं होतं. तिला ते काहीच म्हणाले नव्हते.

मग मिताली म्हणाली, “दादा मराठीत बोलले. हिला विचारा.”

बाईंनी मला विचारलं, “श्रीयुत सबनीस तेव्हा मराठीत नेमकं काय म्हणाले?”

सबनीसांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते पेल्याचं झाकण लावत होते. मला सासूबाईंचा खुबा आठवला, दहीभात आठवला, आणि त्या वर्षी माणसं कमी करायची यादी बनतेय हेही आठवलं. नेमकं कशाने माझं तोंड उघडलं ते आज सांगता येत नाही. बहुतेक यादीने. दहीभाताचं नाव मी उगीच पुढे करते.

मी म्हणाले, “ते म्हणाले, नीट वाचून मग दाब.”

मितालीने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मी ते सहन केलं असतं. तिने ‘दादा की बोल्लेन’ विचारताना बघायची तसंच बघितलं, अजून उत्तराची वाट बघत असल्यासारखं. मग ती हळूच म्हणाली, “मराठी आमि बुझि ना. किन्तु तोमार मुख बुझि.” मराठी मला कळत नाही, पण तुझा चेहरा कळतो. व्हिडिओवरच्या बाईंनी विचारलं, ती काय म्हणाली? मी म्हणाले, “काही नाही.”

त्याच दुपारी तिचं कार्ड काढून घेतलं. खणातलं सामान तिने कापडी पिशवीत भरलं, डबा टेबलावर राहिला. मी तो घेऊन लिफ्टपर्यंत धावले. तिने घेतला, थँक यू म्हणाली. नंतर केलेले फोन तिने उचलले नाहीत. बारानगरमध्ये ती आता घरी मुलांच्या शिकवण्या घेते आणि मुलीला कॉलेजात घालायचं की नाही यावर घरात रडारड चालू आहे, असं कुणीतरी सांगितलं. सांगणाऱ्याला मी जास्त विचारलं नाही.

पुढच्या सोमवारी शाळा भरली. सबनीसांनी एका नव्या मुलाचं फाइलचं नाव भिंतीवर लावलं. “वाच.” त्याने वाचलं. “परत.”

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले आणि पुण्याला जायला निघाले. त्यांची खुर्ची मला मिळाली. त्यांनीच नाव सुचवलं होतं. निरोप घ्यायला मी त्यांच्या फ्लॅटवर गेले. घरभर खोकी. प्रत्येकावर मार्करने काय आहे ते इंग्रजीत लिहिलेलं, सगळं छोट्या अक्षरांत. वसुधाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “अगं, तीस वर्षं माझ्या मिठाच्या बरणीवरसुद्धा असंच लिहिलंय. एकदा मी मोठा एस काढला तर बरणी रिकामी करून परत लिहायला लावलं.” आणि हसल्या. ते हसू मी बेहालाच्या लग्नात अनिर्बाणच्या चेहऱ्यावर पाहिलेलं होतं.

सबनीस जमिनीवर बसून पुस्तकांचं खोकं बांधत होते. मी म्हटलं, “सर, एक विचारू? चारशे फाइली कमी आहेत असं मी सांगितलं, तेव्हा तुम्हाला कळलं होतं का?”

“लगेच,” ते म्हणाले. मान वर केली नाही.

“मग सर्व्हर परत जाण्याआधी थांबवला का नाही?”

“थांबवला असता तर कशासाठी ते सांगावं लागलं असतं. त्या बाईचं बरोबर होतं असं चौदा जणांपुढे म्हणावं लागलं असतं.” त्यांनी खोक्याची झाकणं जुळवली. “आणि तू तरी कुठे दुसऱ्यांदा सांगितलंस, मिरज? तिने तीनदा सांगितलं. तू एकदाच. म्हणून तर खुर्चीसाठी मी तुझं नाव दिलं.”

हे ते प्रेमाने म्हणाले. खरोखर प्रेमाने. 

त्यांनी चिकटपट्टीचं एक टोक खोक्यावर लावलं, रीळ ओढत पलीकडे नेलं आणि कात्री शोधायला लागले. ती हाताला येईना.

“हे टोक जरा धर गं,” ते म्हणाले. “घट्ट.”

मी खाली बसले आणि ते कापून होईपर्यंत धरून ठेवलं.